दुपारच्या खेळाचा हिशेब

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'माहिती तंत्रज्ञान आणि आजची पिढी'. मी इंजिनिअर आहे, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, तेव्हा हा विषय माझ्या गळ्यात पडणार हे उघड होतं. पण गेले तीन महिने आपल्या ग्रुपवर काय चाललंय ते तुम्ही पाहताय. कुणी शाळेच्या इमारतीचा फोटो टाकला की चार अंगठे येतात. कुणी जुन्या सिनेमाचं पोस्टर टाकलं की रात्री एकपर्यंत मेसेज थांबत नाहीत. कोण कुणाबरोबर गेलं होतं, कोण पकडलं गेलं, कुणी कुणाचे तिकिटाचे पैसे अजून दिलेले नाहीत. मी संयोजकांना म्हटलं, आजची पिढी तिचं तिची बघून घेईल, मी सिनेमावर बोलते. ते म्हणाले, बोला, पण वीस मिनिटं. हे आकडे लक्षात ठेवा. वेळेचा हिशेब हा माझ्या भाषणाचा खरा विषय आहे.

आपलं बोईसर तेव्हा काय होतं हे इथे सांगायची गरज नाही, पण काहीजणांची मुलं बरोबर आली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, आपल्या शाळेनंतर कितीतरी वर्षांनी. लोकल विरारला संपायची. पुढे शटल आणि पॅसेंजर, त्याही मोजक्या. एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं. डहाणूपर्यंत लोकल यायला २०१३ साल उजाडलं. पश्चिमेला तारापूरचं अणुवीजकेंद्र, १९६९ पासून चालू, देशातलं पहिलं. मधे एमआयडीसी, तीन पाळ्यांचे भोंगे आणि तो वास. किनाऱ्याला नवापूर, दांडी, मुरबे, उच्छेळी. रुळांच्या पूर्वेला आदिवासी पाडे. आपल्या एका वर्गात या सगळीकडची मुलं होती. पावसाळ्यात मागच्या बाकांवरचे निम्मे चपला हातात घेऊन यायचे.

या सगळ्यांना एकाच छपराखाली बसवणाऱ्या जागा दोनच, शाळा आणि टॉकीज. टॉकीजला आपण नावाने कधी हाक मारली नाही. नुसतं टॉकीज. 'टॉकीजला काय लागलंय?' एवढं पुरे.

माझा पहिला सिनेमा मात्र टॉकीजमधला नाही. चाळीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला रात्री रस्त्यावर पडदा बांधायचे, तिथला. दोन बांबू, मधे पांढरं कापड, आणि भाड्याने आणलेलं मशीन घरघरत असायचं. आम्हाला पुढे जागा मिळाली नाही म्हणून आजोबांनी आम्हाला पडद्याच्या मागे बसवलं. मागून सगळं दिसतं, फक्त उलटं. नावं उलटी, हिरो डावखुरा. मी बरेच दिवस समजत होते की सिनेमातली माणसं डाव्या हातानेच मारामारी करतात. त्या रात्री आमच्या चाळीतल्या झाडून सगळ्या बायका बाहेर बसल्या होत्या. पूजेचा सिनेमा, त्याला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

टॉकीजला विचारावं लागायचं. मुलांचं ठीक होतं. आपल्या वर्गातले मुलगे सायकलवर डबल सीट जायचे, पिटात बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आख्खा सिनेमा करून दाखवायचे. अर्ध्या सिनेमांच्या गोष्टी मला अशा मधल्या सुट्टीतूनच माहीत आहेत. मुलीला टॉकीजला जायचं तर बरोबर कोण, खेळ कुठला, सिनेमा कसला, परत कधी, या चारांची उत्तरं बरोबर यावी लागायची. आणि ही चार उत्तरं फक्त मुलींनाच द्यावी लागायची असं नाही. ते मला बाराव्या वर्षी कळलं.

'माहेरची साडी' १९९१ चा. आपल्याकडे कुठलाही सिनेमा उशिरा यायचा. त्याचं कारण मला इंजिनिअरिंगनंतर समजलं. एकेका प्रिंटला भरपूर खर्च, म्हणून मोजक्याच प्रिंट काढायच्या. त्या आधी मुंबईसारख्या मोठ्या ठिकाणी चालायच्या, तिथली गर्दी ओसरली की पत्र्याच्या पेट्यांतून आपल्यासारख्या गावांत यायच्या. त्यांच्या भाषेत आपण बी नाहीतर सी सेंटर. प्रिंट येईपर्यंत तिच्यावर इतक्या रेघा पडलेल्या असायच्या की भर उन्हाळ्यातल्या प्रसंगातही पाऊस पडायचा. मधेच उडी मारून हिरो दाराजवळून खिडकीजवळ पोचायचा. तिथे फिल्म तुटून जोडलेली असायची. आम्हाला वाटायचं, हिरो आहे, पटकन जात असेल.

तर 'माहेरची साडी' आपल्याकडे लागला तेव्हा बाजारात, नळावर, भाजीवालीकडे दुसरं बोलणं नव्हतं. आईला जायचं होतं. आईने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, आईला विचार. म्हणजे माझ्या आजीला. सासूच्या छळाचा सिनेमा बघायला सासूची परवानगी. आई दोन दिवस घुटमळली आणि तिसऱ्या दिवशी तिने शक्कल काढली. म्हणाली, 'आई, तुम्हीपण चला ना.' आजी आयुष्यात टॉकीजमध्ये गेली नव्हती. तिने नेसायला ठेवणीतलं लुगडं काढलं.

त्या तीनच्या खेळाला मी बरोबर होते. टॉकीजमध्ये बायका, बायका आणि बायका. किनाऱ्यावरच्या गावांतून मासे विकून रिकाम्या टोपल्यांसह आलेल्या, एमआयडीसीतल्या कामगारांच्या बायका, कॉलनीतल्या साडीला पिना लावलेल्या. टोपल्या डोअरकीपरने बाहेर भिंतीशी रचून ठेवायला लावल्या, तरी वास आत आलाच. पहिली पंधरा मिनिटं बाल्कनीत काही रुमाल नाकाला होते. मग अलका कुबलवर एकेक प्रसंग यायला लागला आणि तेच रुमाल डोळ्यांना गेले. उषा नाडकर्णींची सासू पडद्यावर आली की पुढून शिव्या. आणि माझी आजी, जिने माझ्या आईला पाच वर्षं माहेरी एकटं जाऊ दिलं नव्हतं, ती पदराने डोळे पुसत मोठ्याने म्हणाली, 'मेलीला काही माणुसकी आहे का!' आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी हसलो नाही. हसलो असतो तर पुढचा सिनेमा बंद झाला असता.

विजय कोंडक्यांच्या त्या सिनेमाची पुढे खूप टिंगल झाली. रडका, बटबटीत, वगैरे. असेल. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या दिवसानंतर आईला टॉकीजला जायची परवानगी विचारावी लागली नाही. आजीच विचारायची, नवीन काही लागलंय का म्हणून.

पावसाळ्यात टॉकीजचा रंग वेगळा. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या. एरवी रात्रंदिवस समुद्रावर असणारे बाप आणि भाऊ घरी रिकामे. मग संध्याकाळच्या आणि रात्रीच्या खेळाला पीट भरलेलं. ज्यांचे बाप बोटीवर होते त्या आपल्या वर्गमित्रांना विचारा, वर्षातून ते दोन महिने बाप हाताला लागायचा आणि त्याच्याबरोबर सिनेमा व्हायचा. गाणं आवडलं की चिल्लर उडायची. टॉकीजचा धंदा महिन्याच्या सात तारखेला कंपन्यांच्या पगारावर आणि वर्षाच्या पावसावर चालायचा.

शाळेनेही आपल्याला एकदा नेलं होतं, आठवतंय? सकाळच्या खेळाला, दोन-दोनच्या रांगेत, 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला पहिला सिनेमा, हे बाईंनी आपल्याकडून पाठ करून घेतलं होतं. सगळे रडले. मुलगे नंतर म्हणत होते की डोळ्यांत धूळ गेली. मला त्या दिवशीची वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. माझ्या शेजारी जी बसली होती ती मला कोपराने ढोसून म्हणाली, 'वर उजव्या कोपऱ्यात बघ, ठिपका येतोय.' आणि खरंच, दर थोड्या वेळाने पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकून जायचा. रीळ संपत आल्याची ती खूण, की ऑपरेटरने आता दुसरं मशीन सुरू करावं. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पण ठिपका पहिल्यांदा तिने पाहिला, मी नाही. पुढे कॉलेजात मला कुणी हुशार म्हटलं की मला तो ठिपका आठवायचा.

आता तिच्याबद्दल सांगते. नाव घेणार नाही. वर्गातल्या सगळ्यांना कळेलच, आणि ती आज इथे आहे, तिसऱ्या रांगेत. तिला विचारून बोलते आहे. तिने एकच अट घातली: 'माझं कौतुक करायचं नाही, आणि हिशेब कुणाचा चुकला ते स्पष्ट सांगायचं.'

नववी. 'हम आपके हैं कौन' ऑगस्ट १९९४ मध्ये मुंबईत लागला आणि सगळा देश वेडा झाला. एरवी आपल्याला एवढी घाई नसायची. नवा सिनेमा टॉकीजला नाही आला तर व्हिडिओ कॅसेट यायची, गणपतीत कुणी ना कुणी व्हीसीआर भाड्याने आणायचं. पण राजश्रीवाल्यांनी याची कॅसेटच काढली नाही. सिनेमा थिएटरातच बघायचा. त्यात आपल्या घरच्यासारखी माणसं, माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे. गाणी चौदा. कॅसेटवर ऐकून ऐकून सगळी पाठ. फक्त सिनेमा पाहिलेला नाही.

जानेवारी १९९५ मध्ये कळलं की पालघरला लागलाय. बोईसरला लागायची वाट बघता आली असती. पण बोईसरच्या टॉकीजमध्ये आपल्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. पालघरला कुणी ओळखणारं नाही, दोन स्टेशनं तर पलीकडे, मधे फक्त उमरोळी. ही कल्पना माझी. शनिवारी सकाळची शाळा, अकराला सुटते. घरी सांगायचं की स्नेहसंमेलनाची तालीम आहे, साडेचारपर्यंत थांबवतील. हे खोटंही माझं. तिकिटाचे पैसे माझ्या सातवीच्या स्कॉलरशिपचे. आणि वेळापत्रकही माझं: बाराचा खेळ, सिनेमा तीन तासांचा, तीनला सुटला, स्टेशनवर चालत जायला हाताशी भरपूर वेळ, पावणेचारच्या सुमाराची शटल, साडेचारच्या आत घरी. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं होतं. गणितात वर्गात पहिली होते, माझ्या हिशेबावर कोण शंका घेणार!

आम्ही तिघी गेलो. रिबिनी काढून दप्तरात घातल्या, जणू रिबिनी काढल्या की शाळेचा गणवेश ओळखू येत नाही. बाल्कनी. जाहिराती झाल्या आणि सिनेमा सुरू झाला. तो पहिला एक तास मी तुम्हाला सांगू शकत नाही. एवढे मोठे दिवे, एवढी मोठी घरं, एवढ्या साड्या. कुणी कुणावर ओरडत नाही. सगळे जेवतात आणि गातात.

आणि वीज गेली. जिथून काही कोसांवर देशातलं पहिलं अणुवीजकेंद्र, तिथे भर दुपारी वीज गेली. पिटातून शिट्ट्या, बाकं वाजवणं. जनरेटर सुरू व्हायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग इंटरवल. मी मनात वजाबाक्या करत होते. तिच्या हातात घड्याळ होतं, काकाने पुण्याहून आणलेलं. मी तिचं मनगट धरून सारखी बघत होते आणि ती हात सोडवून घेत होती. तीन वाजले, सिनेमा चालू. सव्वातीन, चालू. रेणुका शहाणे जिन्यावरून पडली, सगळं थिएटर हुंदके देतंय, आणि मी दोघींना उठवलं. साडेतीन झाले होते. आम्ही पळत सुटलो. पुलावर चढलो तेव्हा शटलचा शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडत होता.

पुढे इंजिनिअर झाल्यावर एकदा मी हा हिशेब नीट केला. तो सिनेमा २०६ मिनिटांचा होता. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे साडेअठरा हजार फूट, साडेपाच किलोमीटरपेक्षा जास्त. सगळी रिळं उलगडून पालघर स्टेशनपासून अंथरली असती तर सातपाटीच्या निम्म्या वाटेच्याही पुढे गेली असती. मी १८० मिनिटं धरली होती. इंटरवल धरला नव्हता. जाहिराती धरल्या नव्हत्या. वीज जाईल हे तर धरलंच नव्हतं. आज ऑफिसात नवीन मुलं मला कामाला किती दिवस लागतील ते सांगतात तेव्हा मी तो आकडा ऐकते आणि विचारते, वीज गेली तर? त्यांना ती माझी सवय वाटते.

पुढची शटल संध्याकाळची, तीही उशिरा आली. बोईसरला उतरलो तेव्हा अंधार पडून तास झाला होता. त्या वेळी घरी कळवायला काय होतं? काही नाही. प्लॅटफॉर्मवर तिचा काका उभा होता. शाळेत जाऊन आलेला. शाळेला कुलूप, तालीम वगैरे काही नाही, हे कळलेलं. बाजूला माझे बाबा, पहिल्या पाळीहून येऊन तसेच आलेले, कंपनीच्या कपड्यांत. काकाने तिचं दप्तर ओढून घेतलं आणि विचारलं, 'कुणाची अक्कल ही?'

मी खाली बघितलं. प्लॅटफॉर्मवर शेंगांची टरफलं पडली होती, ती मला अजून दिसतात. ती म्हणाली, 'माझी.'

तिने हे का म्हटलं, ते मी तिला परवापर्यंत विचारलं नव्हतं.

माझ्या घरी काय झालं? आई बोलली नाही दोन दिवस. आजीने चिडून देवापुढे उदबत्ती लावली. बाबा वाटेत काही म्हणाले नाहीत, आणि फाटकाशी पोचल्यावर म्हणाले, 'पुढच्या वेळी सांगून जा.' बस्. तिच्या घरी मात्र दुसऱ्या सोमवारपासून तिची शाळा बंद झाली. आपल्याला वर्गात काय सांगितलं गेलं ते आठवा. आजारी आहे. मग, मामाकडे गेली. मग आपण दहावीच्या वर्षात गेलो आणि विचारायचं बंद केलं. मी दोनदा तिच्या घरापर्यंत गेले. एकदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिच्या आईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, 'तुझा अभ्यास असेल ना.' मी पाणी पिऊन परत आले. खरं सांगायला तोंड होतं, वेळ होती, आणि समोर तिची आई होती. मी सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. त्या वर्षी मी दहावीला बसले. आपल्या फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं, अजूनही ऑफिसच्या बाहेर असेल. तुम्ही आज येताना वाचलं असेल.

कुणी म्हणेल, एका सिनेमामुळे कुठे शाळा सुटते? घरच्यांच्या मनात होतंच, निमित्त झालं. असेल. तिलाही तसंच वाटतं. पण निमित्त मी दिलं होतं आणि नाव तिने घेतलं होतं, हा हिशेब काही वेगळा येत नाही.

इंजिनिअरिंगला गेल्यावर मी मुंबईत एकटी सिनेमाला जायला लागले. कुणी विचारणारं नव्हतं. सिनेमाही बदलत गेला. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट लहान गावांच्या थिएटरांत पोचायला लागला, पेटी नाही, रीळ नाही, रेघा नाहीत. मुंबईला लागतो त्याच शुक्रवारी आपल्याकडे. तांत्रिक दृष्ट्या फार सुंदर गोष्ट आहे, मी तासभर बोलू शकते, पण संयोजक घड्याळ दाखवताहेत. आता तर फोनवर खुर्चीसुद्धा निवडता येते. मी अजून कडेची खुर्ची घेते. सिनेमा संपायच्या आधी घड्याळ बघते. नवरा म्हणतो, तुझी कुठली गाडी चुकतेय?

आपला ग्रुप सुरू झाला तेव्हा कुणीतरी तिचा नंबर मिळवून तिला घेतलं. मी आठ दिवस नुसता तिचा फोटो बघत होते. मग फोन केला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं: कल्पना माझी, खोटं माझं, पैसे माझे, हिशेब माझा, आणि मी गप्प बसले. पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, 'अगं, मला काय माहीत नव्हतं? मी तिथेच होते ना!'

मी विचारलं, मग तू 'माझी' का म्हणालीस? ती म्हणाली, 'काका मला मारणारच होता. तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्या बाबांसमोर तमाशा झाला असता, आणि मार तेवढाच पडला असता.' मग म्हणाली, 'पण तू तेव्हा आली असतीस आणि आईला सांगितलं असतंस, तर मला बरं वाटलं असतं.' मी म्हटलं, हो. एवढंच म्हणू शकले.

तिने काय केलं ते तिच्या अटीमुळे कौतुक न करता सांगते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि दहावी दिली. पहिल्या वेळी गणित राहिलं, दुसऱ्या वेळी सुटलं. मग अंगणवाडीत लागली. आज सेविका आहे. 'सैराट' लागला तेव्हा ती मुलीला घेऊन टॉकीजला गेली होती, मुलगी अठराची. कुणाला विचारलं नाही, फक्त सांगून गेली. शेवटच्या प्रसंगाला मुलीचा हात घट्ट धरून बसली, आणि बाहेर आल्यावर दोघींनी वडापाव खाल्ला. तिची मुलगी आज इथे नाही, तिची नोकरीची पाळी आहे.

फोनवर शेवटी मी तिला विचारलं की 'हम आपके हैं कौन' नंतर कधी पूर्ण पाहिलास का. कारण आपण पाऊण तास आधी उठलो होतो. पुढे काय होतं ते कॅसेटवरच्या गाण्यांतून कळत नाही. ती म्हणाली, लग्नानंतर सहा-सात वर्षांनी टीव्हीवर लागला होता, सासरी, मासे साफ करता करता पाहिला. 'तो कुत्रा चिठ्ठी नेऊन देतो आणि सगळं सुरळीत होतं,' ती म्हणाली. 'मी म्हटलं, एवढंच राहिलं होतं होय? थांबलो असतो तरी चाललं असतं. गाडी तशीही गेलीच होती.'

तर मंडळी, माझी वीस मिनिटं झाली, बहुतेक चोवीस झाली असतील, हिशेब माझा आहे. बाहेर जेवण तयार आहे. तिने घरून जवळ्याची चटणी आणली आहे, ती पहिल्या पंगतीतच संपेल, तेव्हा सरांना आणि बाईंना आधी बसू द्या. आणि मी तिच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे, ती कुणी घेऊ नका.